काच पुसणारी ताई

रेल्वेच्या संशोधन केंद्रात सगळे तिला ताईच म्हणत. रुळावर अडथळा दिसला की आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्राच्या चाचण्या तीच घेई. स्वच्छतेची भारी हौस. यंत्राच्या कॅमेऱ्याची काच ओढणीनं लख्ख पुसल्याशिवाय तिचा हात चाचणीच्या बटणावर जात नसे. यंत्र एकदाही चुकलं नाही. सरकारी तपासनीस खूश झाले, सरकारनं निधी वाढवला आणि पहिलं यंत्र नेमकं तिच्या धाकट्या भावाच्या मालगाडीवर बसलं.

पहिली फेरी करून भाऊ घरी आला, तो खोकतच.

"खाणीच्या पट्ट्यात काय धूळ गं! इंजिनाचं तोंड ओळखू येईना."

"मग गाडी हळू हाकायची रे."

"कशाला? आमचे साहेब म्हणाले, यंत्र बघतंय, वेग सोडू नकोस. तू यंत्राला शिकवलंस, आता मी बसतो हवा खात!"

ताई हसली.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा फेरीवर निघाला, आणि केंद्रात नवीन यंत्राची काच पुसता पुसता तिचा हात थबकला. मळक्या काचेतून यंत्राला दिसतं का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. ती धावत तपासनीसांकडे गेली.

"साहेब, भावाची गाडी थांबवा. काच मळली तर यंत्र आंधळं होईल."

"काहीतरीच काय ताई! सगळ्या चाचण्यांत पास झालंय. तुम्हीच तर घेतल्यात."

तिनं भावाला फोन लावला. इंजिनात चढताना फोन बंद करायचा नियम होता, आणि भाऊ नियमाचा पक्का होता.