वाळूत शिरलेली मंडळी

पाण्याखाली माझी मावशी पोहत नाही, रेंगाळते. समुद्राच्या तळावर शंभर मीटरची दोरी ताणायची, तिच्यावरून सावकाश जायचं आणि दोन्ही बाजूंना हातभर अंतरात किती समुद्रकाकड्या दिसतात ते पाटीवर पेन्सिलीने लिहायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम. काकड्या म्हणजे भाजी नव्हे. ते मऊ, गुबगुबीत, आळशी जीव. वाळू गिळतात आणि स्वच्छ करून परत ठेवतात. मावशी त्यांना मंडळी म्हणते. 'मंडळी खडकाकडे सरकलीत,' असं ती जेवताना म्हणाली की काका म्हणतात, आमची मंडळी तर इथेच बसून माझा पापड खातेय.

यंदा याच शब्दाने घोळ केला. उथळ वाळूच्या पट्ट्यात भर दुपारी तिला एकही दिसली नाही, फक्त बारीक उंचवटे दिसले. तिने लिहिलं, 'मंडळी आत आहेत.' मत्स्यखात्याच्या ऑफिसातल्या कारकुनाला वाटलं, हिची माणसं अजून पाण्यातच आहेत, आकडा काही आलेला नाही. त्याने शून्य टाकलं. शून्य म्हणजे पट्टा रिकामा, आणि रिकामा पट्टा सोमवारपासून तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना मोकळा.

मावशी तडक ऑफिसात. कारकून नाकातून म्हणाला, "बाई, दिसेल ते मोजायचं. आतलं आम्ही कसं धरणार?"

"मग दिवस कलला की तुम्हीच या."

आला बिचारा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. मावशीने त्याला पाण्यात बघायचा काचेचा मुखवटा चढवला, दंडाला धरून खाली वाकवलं. पाणी मधासारखं झालं होतं. उन्हाच्या तिरप्या रेघा तळावर हलत होत्या. आणि मग वाळू झोपेत कूस बदलावी तशी फुगली. एक पाठ वर आली, तिच्या पलीकडे दुसरी, सगळा तळच हळूहळू जागा झाला. कारकून मध्येच वर आला, खोकला, अर्धी बाहेर आलेली धरायची का विचारून उत्तराआधी पुन्हा खाली गेला. काळोख पडायच्या सुमाराला तो उभा राहिला.

"ऐंशी. बस्स."

मावशीने एक्याऐंशीवी दाखवली.

"नको हो, बाई. शून्य खोडायचं तर साहेबांची सही लागते, आणि साहेब रजेवर. त्याच्या डावीकडे गुपचूप आठ काढतो."

पट्टा जाळ्यांना बंदच राहिला. एक्याऐंशीवीची नोंद मात्र कुठेच नाही.