बगळीचा तोल

बगळी कुठेही एका पायावर उभी राहायची. रिंकच्या कठड्याला न टेकता ती दुसऱ्या पायातल्या स्केटची नाडी बांधायची, तशीच पाणी प्यायची, सर रागावत असले तरी एक पाय वरच. तिचं खरं नाव हर्षदा. बगळी हे नाव सरांनी ठेवलं आणि तिला ते आवडलं. मला सरांनी चार वर्षांत कुठलंच नाव दिलं नव्हतं.

बाळकुमच्या क्लासमध्ये ती आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, ती तेराची. मी खोपटहून रिक्षाने यायचे, ती समोरच्या टॉवरमधून चालत. तो टॉवर तिच्या आजोबांच्या शेतावर उभा होता. "हितं आमचा भात व्हायचा," असं ती एकदा सहज म्हणाली आणि पुन्हा सरावाला लागली. तिच्या बोलण्याला आम्ही काही मुली मागून हसायचो. ते तिला कळायचं, पण तिने बोलणं बदललं नाही.

त्या वर्षी सर आमच्याकडून बॅकवर्ड स्पायरल करून घेत होते. म्हणजे एका पायावर मागे मागे सरकत जायचं, दुसरा पाय मागे कंबरेच्या वर उचलायचा आणि छाती ताठ ठेवायची. मी तीन आकडे मोजेपर्यंत छाती खाली यायची आणि मी पडायचे. घरी फ्रिजला धरून मी तासन्‌तास सराव करायचे. बगळीला ते दोन महिन्यांत जमलं. रिंकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती तशीच जायची, आणि सर आम्हाला थांबवून बघायला लावायचे. मी मान खाली घालून उगाच नाड्या सोडून पुन्हा बांधत बसायचे. तरी कानांनी कळायचंच. आम्हा सगळ्यांची चाकं खडखडायची, तिची वाजत नसत.

एक दिवस ती आपणहून माझ्याकडे आली. "पाय उचलायची घाई कनाला करतेस? आधी नुसती एका पायावर मागं जा. तोल बसला का मंग पाय वर घे." मी खाली बघते हेही तिने हेरलं होतं. "जमिनीकडं बगलीस का जमीन बोलावते," ती म्हणाली. मी समोरच्या इमारतीच्या एका खिडकीवर नजर धरली, आणि पहिल्यांदाच सात आकड्यांपर्यंत टिकले. तिने चुकीचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. सरांनी विचारलं तेव्हा, माझं मलाच जमलं, असं मी सांगितलं. ती शेजारीच उभी होती.

जिल्ह्याची स्पर्धा आठवड्यावर आली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की परीक्षक पायाची उंची बघतात, पाय डोक्याच्या वर गेला पाहिजे, छाती खाली गेली तरी चालते. हे खोटं आहे हे मला ठाऊक होतं, मी तशीच तर पडायचे. तिने मान डोलावली आणि वेग घेतला. पाय वर गेला, छाती खाली आली, स्केटच्या टोकाचा ब्रेक फरशीला घासला आणि ती डाव्या हातावर आपटली. कोपर मोडलं.

स्पर्धेत मी पहिली आले. ती बघायला आली होती. हात प्लास्टरमध्ये होता म्हणून उजव्या हाताने मांडीवर टाळ्या वाजवत होती. त्यानंतर घरच्यांनी तिचं स्केटिंग बंद केलं. मी पुढे दोन वर्षं रोज तिच्या गेटवरून गेले, पण एकदाही वर गेले नाही.

वीस वर्षांनी, लेकीसाठी क्लास शोधताना डोंबिवलीतल्या एका बाईंचं नाव कानावर आलं. तोल शिकावा तर त्यांच्याकडे, असं सगळे म्हणत होते. सासरचं आडनाव वेगळं होतं, पण हर्षदा ऐकल्यावर मी ओळखलं. लेकीला म्हटलं, चांगल्या टीचर आहेत. खरं तर ती किती जाडी झाली असेल हे मला बघायचं होतं.

ती तशीच सडपातळ होती. डावा हात मात्र पुरता सरळ होत नव्हता. मुली सराव करत होत्या तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं, की मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं.

"मना वाटला, तुलाच कुनीतरी चुकीचा सांगलाय," ती म्हणाली. "म्हणून करून बगत होते, कुठं बिघडतं ते. मंग तुला नीट सांगता आला असता."

मला रडू आलं, आणि त्या रडण्यातही मला तिचा हेवा वाटत होता. असं वागणं मला सात जन्मांत सुचलं नसतं. तिने माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही. पुढच्या शनिवारी मुलीला वेळेवर आण, एवढंच म्हणाली.

परतताना शीळफाट्याला गाड्या खोळंबल्या होत्या. मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, "आई, तुम्ही दोघी एकत्र होतात ना? जास्त चांगलं कोण करायचं?"

"ती," मी म्हणाले. हे मी आयुष्यात प्रथमच मोठ्याने म्हटलं होतं.

"हां, वाटलंच," लेक म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही, हे मला घरी पोचेपर्यंत लागून राहिलं.