काळ्या पडद्यामागचे नासिरचाचा

नासिरचाचाच्या खोलीत पंखा लावायचा न्हाई, बोलायचं न्हाई, अन् जोरात श्वास बी सोडायचा न्हाई. मला सांगा, लातूरच्या उन्हाळ्यात अशा खोलीत कोण मरायला जाईल? कुणीच जात नव्हतं. मी जायचो ते नाइलाजानं. एमआयडीसीतल्या आमच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात टाकीतून नमुने काढायचे अन् लॅबात पोचवायचे, हेच माझं काम. मी हनुमंत, रेणापूरचा. तोंडाला माझ्या कुलूप न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो.

सोयाबीनमधून तेल ओढायला पेट्रोलसारखं एक पातळ रसायन वापरतात, हेक्झेन. मागून ते वाफेनं काढून टाकायचं असतं. जरा जरी तेलात राहिलं तरी ते तेल लवकर पेट घेतं, अन् असलं तेल माणसाच्या पोटात जाऊन कसं चालंल? म्हणून नासिरचाचा पितळेच्या झाकणाच्या वाटीत तेल तापवायचे अन् मधूनमधून एक बारीक ज्योत वाटीच्या तोंडात वाकवायचे. आतल्या वाफेनं झपकन पेट घेतला की लॅबात त्याला फ्लॅश म्हणतात. अडीचशे डिग्रीच्या पुढं फ्लॅश आला तं तेल पास, आधी आला तं नापास. अन् तो असतो इतका फिका, की उजेडात दिसत न्हाई. वारा लागला तं आकडाच चुकतो. म्हणून काळा पडदा, म्हणून पंखा बंद.

सारी उमर त्या पडद्यामागं काढली त्या माणसानं. मूळचे देगलूरचे. जोहराचाची होती तोवर डब्यात खिमा असला की मला हाक यायची, "हनुमंत, नमुना ठेव अन् हात धू." चाची गेली, पोरगी हुमा निजामाबादला दिलेली. गंजगोलाईच्या बाजारामागं एका खोलीत चाचा एकटेच. घरी बी पंखा लावत न्हाईत, सवयच तशी पडली. कारखान्यातली माणसं त्यांच्या लॅबच्या दारावरून पाय न वाजवता जायची, टेस्ट चालू असंल म्हणून. नसली तरी तसंच जायची. ठरवून कुणी केलं नव्हतं, पण माणूस पार एकटा पडला, अन् मला त्याचं लई वाईट वाटायचं.

यंदा चाचा लागोपाठ टाक्या नापास करू लागले. दोनशेलाच फ्लॅश येऊन राहिला, म्हणायचे. शंका आली की नापास, हा त्यांचा कायदाच होता. पण तेल परत वाफेवर चढवायचं म्हणजे अख्खी पाळी वाया. मॅनेजर गुरुपादप्पा साहेबांचा तिळपापड झाला. त्यांनी गुपचूप एका नापास टाकीचा नमुना नांदेडच्या एका लॅबला धाडला. तिकडं पास.

"म्हातारा अडवून राहिलाय," साहेब मला म्हणाले. "आजची टाकी बी नापास केली, तं उद्यापासून त्याला घरी बसवतो."

माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, "साहेब, अन् नांदेडवाल्यांचंच चुकलं असंल तं?"

"मग जा, तूच डोळ्यानं बघून ये."

कुणाची म्हैस अन् कुणाला ऊठबैस. पण गेलो.

चाचाला सगळं सरळ सांगून टाकलं. नांदेडचं बी अन् घरी बसवायचं बी. त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं अन् पडदा ओढला. पारा चढत होता, माझ्या अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या. चाचा ज्योत वाकवायचे, बघायचे, परत वाकवायचे. पारा दोनशेच्या थोडा पुढं गेला तसं त्यांनी बोट दाखवलं.

"देख. आला फ्लॅश."

मी बघितलं. ज्योत होती तेवढीच होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. वाटीचं तोंड काळं ठिक्कर.

मला बोलायला कधी जड गेलं न्हाई. त्या टायमाला गेलं. न्हाई म्हणलं तं चाचाची नोकरी माझ्या तोंडानं जाणार, अन् मग हा माणूस दिवसभर घरच्या खोलीत काय करंल? हो म्हणलं तं टाकी नापास, तरी बी नोकरी जाणार. अन् चाचाशी खोटं बोलायचं? मला न्हाई जमलं.

"चाचा, काही पेटलं न्हाई."

"नीट बघ. ज्योतीभोवती कडं आलं, मोठं झालं, वाटीवर पसरलं. दिसत न्हाई?"

"कडंच न्हाई चाचा. नुसती ज्योत हाय."

लई वेळ ते ज्योतीकडं बघत राहिले. मग उठून मला आपल्या जागेवर बसवलं. "पुढं तू बघ. झपकन निळं होतं अन् जातं. पापणी हलवू नको."

अडीचशे मागं पडले, पारा अजून वर गेला, तवा कुठं वाटीच्या तोंडावरून निळसर काहीतरी सरकन फिरलं अन् विझलं. "आत्ता," मी म्हणलं. चाचाला ते दिसलं का, हे मी विचारलं न्हाई. त्यांनी आकडा लिहिला, खाली पास लिहिलं, अन् स्वतःच साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, टाक्या चांगल्या होत्या, डोळे माझे खराब झाले, दुसरा माणूस बघा.

साहेब नरमले. "मोतीबिंदू असंल. ऑपरेशन करून घ्या, मग बघू." त्या 'मग बघू'चा अर्थ आम्हा दोघांना बी कळला.

सांजच्याला आम्ही दोघं फाटकापाशी आलो. दिवे लागले होते. चाचा थांबले.

"हनुमंत, त्या दिव्याला कडं हाय का?"

"न्हाई."

"वजनकाट्यावरच्या?"

"न्हाई."

रस्त्यानं एक मोटारसायकल आली. "तिच्या लाइटला?"

"तिला बी न्हाई, चाचा."

"मला तं सगळ्यालाच दिसून राहिलंय. जोहरा गेली तवापासून. मी समजलो, लातुरात धूळ वाढली."

मी चिडलोच. "अहो, मग कुणाला तरी विचारायचं होतं."

"कुणाला, बाबा? घरात दिवा लावला की बघणारा मी एकटाच."