मेल्या म्हणणारी

शेजारची कौसाबाई सकाळीच नवऱ्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडत होती. "मेल्या, चहा निवला! तुझं मढं बशिवलं!" तो दारात बसून खुशाल दात घासत होता. मी ओट्यावरून बघत राहिलो.

माझी बायकोही अशीच. मेल्या, मुडद्या, याशिवाय मला हाक नाही. तोंडानं रोज मला मारायची. अन् मी तापानं पडलो की मीठ-मिरच्या उतरवून, तीच बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडायची. शिवीचा अर्थ चौथीपर्यंत शिकलेल्या मला काय कळणार? पण नकोशा माणसाला कुणी चहासाठी इतकं ओरडत नाही.

शेवटच्या दुखण्यात तिची बोटं सुजली, मोडता येईनात. मीच म्हणालो, "दे की एखादी शिवी." तर हळूच म्हणाली, "अहो, जपून राहा." जन्मात पहिल्यांदा अहो म्हणाली. तेव्हाच समजलो, ही चालली.

आता सून "मामंजी, चहा ठेवलाय" म्हणते अन् कामाला जाते. गावही मान देतं. त्या मानाचं काय करू?

कौसाबाईचा नवरा उठून आत गेला. माझा चहा केव्हाच निवलाय. कुणी ओरडलं नाही.