रॉनची वही आणि सहावा चमचा

आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, दोन गोष्टी कुणी टाकून देत नाही: ऑइल पुसायची फडकी आणि किस्से. दोन्ही कोपऱ्यात साठत जातात. मी गेली तीन वर्षं दर शनिवारी बेलव्ह्यूहून तासभर ड्राइव्ह करून तिथे जाते, त्यामुळे माझ्याकडचा ढीग जरा मोठाच आहे!

*

शिरीषकाका म्हणजे माझ्या बाबांचे मित्र. रिटायर झाल्यावर त्यांनी पूर्व युरोपातल्या एका एअरफोर्सचं जुनं ट्रेनिंग जेट विकत घेतलं. पंख वेगळे करून ते ट्रकवरून आलं, आणि ते पुन्हा उडतं करायच्या कामात मीही सामील झाले. घरी मात्र वैजूकाकूंना सांगितलं, "एक जुनी टू-सीटर घेतलीय. थोडं काम आहे."

काकू बघायला आल्या. विमानाभोवती एक चक्कर मारून त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो, हिला रिव्हर्स आहे का?"

"विमानाला कसला रिव्हर्स, वैजू!"

"मग परत कसे येणार?"

काका टायर तपासायला वाकले. "तुम्ही हे उडवाल त्याच दिवशी मी इथे पाऊल टाकीन," असं सांगून काकू गाडीत जाऊन बसल्या.

*

आमचा मेकॅनिक रॉन. सत्तरीचा, नेव्हीत विमानं दुरुस्त केलेला. त्याची एक वही आहे. हत्यार घेतलं की 'बाहेर', जागेवर ठेवलं की 'आत'. त्या वहीत रॉनशिवाय कुणी लिहायचं नाही.

मला हे भयंकर स्लो वाटायचं. युद्धासाठी बनलेलं यंत्र आता निव्वळ आनंदासाठी उडावं, एवढं मोठं स्वप्न घेऊन मी आले होते, आणि इथे पान्यांची हजेरी चालली होती! एकदा वैतागून, माझ्या सॉफ्टवेअरमधल्या सवयीनं म्हटलं, "रॉन, बंद कर ना पॅनल. काही राहिलं तर नंतर पॅच करू."

"चालेल," रॉन म्हणाला. "दहा हजार फुटांवर पॅच करायला तू जाशील ना?"

*

इथल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ विमान बघायला आले. सगळं बारकाईनं पाहून झालं आणि आपल्या माणसाला पडणारा प्रश्न पडलाच.

"मायलेज काय देतं हो? गॅलनला किती मैल?"

काका म्हणाले, "प्रश्न उलटा विचारा. मैलाला किती गॅलन!"

*

शेवटी पहिल्या फ्लाइटची सकाळ उजाडली. काकू आल्या, सोबत सगळ्यांसाठी पोहे आणि सहा चमचे. खाणं झाल्यावर रॉनने हत्यारं मोजली. सगळी आत. मग त्याने चमचे मोजले. पाच!

"फ्लाइट कॅन्सल."

"रॉन, यार, तो चमचा आहे!" मी ओरडलेच.

"इंजिनला माहितीये ते?"

काकू हसून हसून बेजार. अख्खा दिवस पॅनल्स उघडत गेलो. चमचा नाहीच मिळाला. मिळाला तो कॉकपिटच्या तळाच्या पत्र्याखाली अडकलेला बोटभर गंजका पाना. आमचा नव्हे, त्या जुन्या एअरफोर्समधल्या कुणाचा तरी. विमान वळवणाऱ्या कंट्रोलच्या दांड्यांपासून जेमतेम दोन इंच लांब.

रॉन एवढंच म्हणाला, "कुणाची तरी वही चुकली होती."

काकूंचं हसू थांबलं. तो पाना त्या बराच वेळ हातात धरून बसल्या.

आणि चमचा? घरी गेल्यावर माझ्याच जॅकेटच्या खिशात! काकूंना लाजत मेसेज केला. उत्तर आलं: "आधी रॉनला सांग. मग घासून आण."

*

पुढच्या शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. काका हेल्मेट चढवून कॉकपिटमध्ये बसले. मागची सीट रिकामी. रॉनने हत्यारं मोजली, चमचे मोजले, वही मिटली.

"रॉन, ती वही दे," काकू म्हणाल्या.

रॉनने काकूंकडे पाहिलं, वही उघडली आणि पेनसकट त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक ओळ लिहिली.

जेट धावत सुटलं, उचललं गेलं, झाडांपलीकडे दिसेनासं झालं. रॉनने चमचे पुन्हा एकदा मोजले. मीसुद्धा!

चाकं परत जमिनीला टेकली. काका शिडीवरून उतरता उतरताच ओरडत होते, "वैजू! अगं, काय सांगू तुला!"

काकूंनी मान वर केली नाही. त्या वहीत लिहीत होत्या. मी मागून डोकावून पाहिलं.

"शिरीष – १ नग. बाहेर: ९.४०. आत: १०.०२."