आमच्या ऑर्केस्ट्राची टीव्ही स्टार

ऑर्केस्ट्रात निवेदन करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठत जातात. गाणारे गातात, वाजवणारे वाजवतात आणि आपण दोन गाण्यांच्या मध्ये दोन वाक्यं बोलून पुन्हा कडेला उभे. मग बघत राहण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. मी नाशिकला आठवडाभर शाळेत भूगोल शिकवायचो आणि शनिवार-रविवार मधूशेठ कासारांच्या ऑर्केस्ट्रात माइक धरायचो. अजूनही मित्र जमले की म्हणतात, "सर, ऑर्केस्ट्रातला एखादा होऊन जाऊ द्या." मी सांगतो, ते हसतात. पण हल्ली माझ्या लक्षात आलंय, की यातल्या निम्म्या किश्शांत शालन आहे, आणि ती एकाही किश्शात हसत नाही.

* * *

शालन गांगुर्डे नाशिकरोडची. आई लहानपणीच गेलेली. वडील कारखान्यात फिटर होते, पण खरा जीव गाण्यात. स्वतः गाणी रचायचे आणि जयंतीला कॉलनीतल्या पोरांकडून बसवून घ्यायचे. सत्तरच्या दशकात मुंबईच्या टीव्हीवर नवीन गायकांची स्पर्धा झाली, तिच्या अंतिम फेरीत ही सतरा वर्षांची पोरगी पोचली. गाणं वडिलांनी रचलेलं, चाल तिची स्वतःची. दुसरा नंबर आला. परीक्षक म्हणाले, "आवाज तुझा स्वतःचा आहे, जप त्याला."

रेकॉर्डिंग आधीच झालं होतं. कार्यक्रम दिसणार होता गुरुवारी. शालन मुंबईला मामाकडेच थांबली आणि वडील नाशकात. तेव्हा नाशकात टीव्ही शोधावा लागायचा. कॉलेज रोडला एका डॉक्टरांच्या बंगल्यावर उंच अँटिना होता, तिथं वडील इस्त्रीचा सदरा घालून, कॉलनीतली दहा-बारा माणसं घेऊन गेले. मुंबईचं प्रक्षेपण ज्या बाजूनं यायचं त्या इगतपुरीच्या घाटात धुवांधार पाऊस. पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि आवाजाच्या जागी खरखर. मुंग्यांमधून तीन आकृत्या दिसत होत्या. वडिलांनी मधल्या आकृतीकडे बोट दाखवलं आणि संपेपर्यंत उभं राहून बघितलं. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी शालन परत आली तर स्टँडवरच वडील म्हणाले, "मधे तू बसली होतीस आणि दोन्ही बाजूंना परीक्षक. मान ताठ होती तुझी. बरं वाटलं बघ."

कार्यक्रम ऐनवेळी शुक्रवारवर गेला होता. गुरुवारी त्या वेळेला खतांवर चर्चा होती, तीन तज्ज्ञांची. मामाकडे बसून ती तिनं पूर्ण पाहिली होती.

"मग तू काय म्हणालीस?" मी नंतर कधीतरी तिला विचारलं.

"म्हटलं, हो बाबा, मान ताठ ठेवायला सांगितलं होतं."

* * *

मधूशेठ अॅकॉर्डियन वाजवायचे आणि ऑर्केस्ट्राचे मालकही तेच. टीव्हीवर चमकलेली मुलगी गावातच आहे कळल्यावर त्यांनी तिला बोलावून घेतलं. आमची तालीम भद्रकालीत बोंगोवाल्या इस्माईलभाईंच्या घरी चालायची. शालननं तिथं एक जुनं भावगीत म्हटलं. मधूशेठनी डोळे मिटून ऐकलं.

"आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "पण कोणाचा आहे?"

शालनला प्रश्न कळेना. "माझाच आहे."

"त्याचा काही उपयोग नाही."

त्या काळी ऑर्केस्ट्राची रीतच तशी होती. प्रत्येक गाणारा कोणातरी मोठ्या पार्श्वगायकाचा 'व्हॉइस' असायचा. पोस्टरवर गाणाऱ्याचं नाव बारीक, आणि ज्याचा आवाज काढायचा त्याचं ठळक. लोक तिकीट काढायचे ते हुबेहूब ऐकायला. मधूशेठनी शालनला एका थोर गायिकेच्या पंधरा रेकॉर्डी दिल्या आणि सांगितलं, "श्वास कुठं घेते ते सुद्धा पाठ कर."

तीन महिन्यांत पाठ केलं तिनं. सर्दी झाली तरी शालनला त्या बाईंसारखी व्हायची, असं इस्माईलभाई म्हणायचे. आम्ही खूप हसायचो. तेव्हा आम्हाला तो विनोद वाटायचा, आता सांगताना मलाच कसंतरी होतं.

* * *

माझी अनाउन्समेंट ठरलेली होती. "आणि आता, मुंबईच्या टीव्हीवर गाजलेली, आपल्या नाशिकची टीव्ही स्टार, शालन गांगुर्डे!" मी हे 'टीव्ही स्टार' असं काही लांबवायचो की शिट्ट्या पडायच्या.

एकदा सुरगाण्याला कार्यक्रम होता. जीपमधून वाद्यं नेली, बाजाराच्या मैदानात स्टेज बांधलं. कार्यक्रम दुपारचा, कारण लोकांना डोंगर चढून आपापल्या पाड्यांवर परतायचं होतं. संपल्यावर एक म्हातारी थेट स्टेजजवळ आली, शालनचा हात धरला आणि निरखून बघत म्हणाली, "ते मास्तर सांगत व्हते, तू टीव्हीची हायेस. लय लांब हाय का गं तुझं गाव?"

आम्ही मागे वायरी गुंडाळत होतो. इस्माईलभाईंना हसू आवरेना. मला वाटलं शालन समजावून सांगेल. ती त्या म्हातारीशेजारी फळीवर टेकली.

"लय लांब हाय आजी."

"मंग जाया मिळतं का मदी-मदी?"

"एकदाच गेले होते," शालन म्हणाली.

* * *

कार्यक्रमांना प्रेक्षकांतून फर्माइशीच्या चिठ्ठ्या यायच्या. त्या आधी माझ्याकडे, मग मधूशेठकडे. पिंपळगाव बसवंतला द्राक्षवाल्यांच्या मेळाव्यात आमचा कार्यक्रम होता. संध्याकाळची वेळ, मोठा मांडव. तिसऱ्या गाण्यानंतर चिठ्ठी आली : 'शालन, तुझं ते स्पर्धेतलं गाणं म्हण. शिरीष.'

मी चिठ्ठी दाखवली तसा तिचा चेहरा बदलला. शिरीष म्हणजे त्या स्पर्धेत पहिला आलेला मुलगा. आता तो फवारणीच्या औषधांचा सेल्समन होता आणि मेळाव्यात त्याचा स्टॉल होता. गाणं केव्हाच सुटलं होतं त्याचं.

शालननं मधूशेठना विचारलं. सहा वर्षांत तिनं त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मधूशेठ माणूस वाईट नव्हता, पण धंदा म्हणजे धंदा. म्हणाले, "शालन, लोकांना माहीत नसलेलं गाणं मांडव रिकामा करतं. असं कर, मध्यंतरात म्हण. तेव्हा तो रिकामाच असतो."

मध्यंतर झालं. मांडवाबाहेर गरम भजी निघत होती. सगळा मांडव तिकडे पळाला, वादक गेले, आणि मीही गेलो. खरं तर मला थांबता आलं असतं. भजी काही पळून जात नव्हती. पण टीव्ही स्टार म्हणून जिची मी इतकी वर्षं ओळख करून देत होतो, तिचं ते गाणं ऐकावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

चहा घेऊन परतलो तेव्हा गाणं संपलं होतं. खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. तिसऱ्या रांगेत तो शिरीष एकटा बसलेला, आणि एकटाच टाळ्या वाजवत होता. शालन माइकपाशी डोळे पुसत होती.

"काय गं, म्हटलंस का?" मी विचारलं.

"नाही सर. माइक टेस्टिंग केलं."

* * *

वडील आजारी पडले तेव्हा तिनं एक गोष्ट मनावर घेतली. मुंबईला जाऊन त्या कार्यक्रमाची टेप मिळवायची आणि एकदा तरी बाबांना खरं गाणं ऐकवायचं. घरात ती ते त्यांना म्हणून दाखवू शकली असती, पण तिचं म्हणणं पडलं, "घरात म्हटलं तर ते चुका काढतात. टीव्हीवरचं म्हणजे पास झालेलं." सोबत म्हणून मी गेलो.

टीव्ही केंद्रात दोन खोल्या, तीन टेबलं फिरून आम्ही एका साहेबांपर्यंत पोचलो. साहेब सज्जन होते. चहा मागवला, रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आले.

"टेप महाग असतात हो," ते म्हणाले. "एका टेपवर आम्ही पुन्हा-पुन्हा रेकॉर्ड करतो. तुमच्या भागावर आता दुसरं आहे काहीतरी." त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "खतांचा संतुलित वापर."

शालननं शांतपणे विचारलं, "कुठंच काही राहिलं नसेल का?"

"एखादा तुकडा दुसऱ्या कुठल्या टेपच्या शेपटीला राहिला असेल तर असेल. पण तो शोधणार कोण?"

परतताना एसटीत घाट संपेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सर, म्हणजे मी टीव्हीवर गायले याला आता पुरावा फक्त तुमच्या अनाउन्समेंटचा."

* * *

त्या पावसाळ्यात वडील गेले. मी दवाखान्यात भेटायला गेलो होतो, तर ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, "माझी मुलगी. मी स्वतः पाहिलीये तिला टीव्हीवर. मधे बसली होती."

शालन मोसंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला, पण तिला तसं सांगायचं राहिलंच.

* * *

ऐंशी सालानंतर नाशकात घरोघरी टीव्ही आले आणि ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम कमी होत गेले. इस्माईलभाईंनीही टीव्ही घेतला. मुंबई धरायची तर गच्चीवर वीस फुटी पाइप, वर अँटिना, आणि त्याचं तोंड बरोबर इगतपुरीच्या घाटाकडे. जरा वारा आला की तोंड फिरायचं. मग कोणीतरी वर जाऊन पाइप फिरवायचा आणि खालून कोणीतरी "आलं, गेलं" सांगायचं. भूगोलाचा मास्तर म्हणून हे काम माझ्याकडे. दिशा तुम्हालाच कळते, असं इस्माईलभाईंचं म्हणणं.

रविवार होता, ऊन उतरत होतं. तालमीला सगळे आले होते. मधूशेठ होते, शालनही होती. तिशीला टेकलेली, चष्मा लागलेली शालन सर्वांत मागे खाटेवर बसलेली मी वर जाताना पाहिली होती. टीव्हीवर जुन्या कार्यक्रमांतले तुकडे दाखवणार होते. मी गच्चीवर पाइप धरून उभा. खालून इस्माईलभाई खिडकीतून ओरडत होते, "सर, मुंग्या! अजून थोडं डावीकडं!"

मी थोडा फिरवला. खरखर थांबली आणि खिडकीतून गाणं वर आलं.

वाऱ्यात शब्द नीट कळत नव्हते. चाल कधी ऐकलेली नव्हती. कोवळ्या मुलीचा आवाज होता, पण कोणासारखाच नव्हता. बारा वर्षं मी ऑर्केस्ट्रात काढली, प्रत्येक गळा ऐकला की हा कोणाचा 'व्हॉइस' ते सांगू शकायचो. हा मला ओळखता येईना. पाइप हातात तसाच धरून मी ऐकत राहिलो. कडवं संपलं, नुसतं वाद्यांचं सुरू झालं, तेव्हा भान आलं.

मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून ओरडलो, "इस्माईलभाई, कोण गातंय हे? काय आवाज आहे हो! पुढं काय झालं या मुलीचं?"

खालून शालनचा आवाज आला.

"काही झालं नाही, सर. अँटिना हलवू नका. अजून एक कडवं राहिलंय."