तिला अडचण आहे

खोटं बोलायला मला फारसे कष्ट पडत नाहीत. ऑफिसात 'काम चालू आहे' म्हणण्यात माझी हयात गेली. पण ज्या खोट्याची मला आजही लाज वाटते, ते मी पोटच्या पोरीच्या नावावर खपवलं.

पुण्याहून बंगळुरात येऊन आम्हाला सात वर्षं झाली. आम्हा मराठी बायकांचा इथे एक ग्रुप आहे. सण आला की कुणाच्या तरी घरी जमायचं, ठेवणीतल्या साड्या नेसायच्या, भरपूर फोटो काढायचे. लेक लहान होती तोवर मी तिला हौसेनं मिरवायचे. चौदावं सरलं आणि वर्षभरात ती अंगानं एवढी सुटली की माझे कुडतेसुद्धा तिला घट्ट होऊ लागले. हनुवटीवर केस आले. मानेवर, वेणीखाली, काळा पट्टा दिसायला लागला.

चैत्रातलं हळदीकुंकू हेब्बाळच्या काकूंकडे होतं. काकू इथल्या चाळीस वर्षांच्या रहिवासी, मराठी बोलताना त्यांच्या तोंडी निम्मे शब्द कानडी. दारातच त्या म्हणाल्या, "अय्यो, ही तुझी मुलगी का गं? मला वाटलं, जाऊबाईंनाच घेऊन आलीस! स्वल्प भात कमी कर की तिचा."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. आत गेल्यावर हातात आलेली आंब्याची डाळ लेकीनं तशीच खाली ठेवली.

घरी आल्यावर मी काकूंचा राग तिच्यावर काढला. भात बंद केला. मानेवरचा तो पट्टा म्हणजे मळ, असं ठरवून रोज सकाळी डाळीच्या पिठानं घासायला लावला. "एवढी घोडी झालीस, मान धुता येत नाही?" असं मी म्हणाले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. ती मुकाट्यानं घासायची. मान लाल व्हायची, पट्टा तसाच.

श्रावणात मंगळागौरीचं बोलावणं आलं. झिम्मा-फुगड्यांची तिला भारी हौस. ती तयार होऊन दाराशी उभी राहिली, कुडता काखेत ताणलेला. मी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "तू आज अभ्यास कर." तिनं का म्हणून विचारलंही नाही. तिथे गेल्यावर एकीनं चौकशी केली, तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "तिला अडचण आहे."

काय सोयीचा शब्द आहे! पुढे कुणी काही विचारत नाही. उलट मान डोलावतात आणि प्रसादाचा डबा भरून देतात. मग गौरींना मी तेच सांगितलं आणि नवरात्रातल्या भोंडल्यालाही तेच. सणही बिचारे महिन्या-महिन्याच्या अंतरानं येत गेले, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मी तिला डॉक्टरीण बाईंकडे नेलं. ती आजारी आहे असं माझ्या मनातही नव्हतं, मला फक्त डाएट लिहून हवं होतं.

"लास्ट पीरियड यावागा?" बाईंनी विचारलं. माझा चेहरा बघून हिंदीवर आल्या, "कब हुआ था?"

लेक तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हटलं, "नवरात्रात, शुक्रवारी. त्याच्या आधी गौरींच्या दिवशी, त्याच्या आधी श्रावणात. एकदम रेग्युलर है."

बाई लिहून घ्यायला लागल्या. शपथेवर सांगते, त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं आठवत होतं.

"आई, त्या माझ्या तारखा नाहीयेत," लेक म्हणाली. आवाज अगदी साधा, रागही नव्हता त्यात. "त्या तू काकू लोकांना सांगितलेल्या तारखा आहेत. त्यांच्या मुलींनी मला मेसेज केले होते, टेक रेस्ट म्हणून." मग ती बाईंकडे वळली. "मॅम, नॉट सिन्स एप्रिल."

एप्रिल म्हणजे चैत्र. सात महिने. कपाटातलं पॅडचं पाकीट संपत का नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आईला का नाही सांगितलंस, असं तिला विचारलं. "शी इज ऑलरेडी सो अँग्री अबाउट मी," ती म्हणाली.

मग बाईंनी उठून तिची वेणी बाजूला केली, मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ये मैल नहीं है, बेटा. रगड़ना बंद करो." हॉर्मोन्सचं तंत्र बिघडलंय, ही मान, ते केस, चुकलेली पाळी, वाढलेलं वजन, बरंचसं त्यातूनच आलंय, औषधानं आणि धीरानं सावरेल, असं त्यांनी नीट समजावलं. समजावलं तिला. माझ्याकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही, ते बरंच झालं. माझ्यात मान वर करायची हिंमत नव्हती.

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. संक्रांतीनंतर पुन्हा काकूंकडे हळदीकुंकू होतं. त्या दिवशी सकाळी लेक स्वयंपाकघरात आली. "आई, आलीय."

मला रडूच फुटलं. मी तिला तशीच, पिठाच्या हातांनी, जवळ घेतलं. ती म्हणाली, "चला, आज तुला खरं बोलता येईल."

तिला ते टोचून बोलायचं होतं की नाही, मला माहीत नाही. मला लागायचं तिथे लागलं.

"आज तू येतेयस," मी म्हटलं.

काकू दारातच होत्या. "बऱ्याच दिवसांनी गं! दर सणाला नेमकी हिला अडचण."

"तिला नव्हती, काकू," मी म्हटलं. "अडचण मला होती."

काकूंचा हात हळदीच्या करंड्यावर थबकला. "अय्यो! तुला? आणि गौरींना तू चांगली आत येऊन जेवून गेलीस की!"

लेक फिस्सकन हसली, मग तिला हसू आवरेचना. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी काही खुलासा केला नाही. चैत्रात ती जिथे उभी होती, तिथेच मी उभी राहिले.